हिरवट भाकरीचा संशय

माझ्या छातीत लोखंड आहे. डॉक्टर म्हणतात, लोखंड नव्हे, वेगळा धातू आहे. पण ज्या कारखान्यात मी उभा जन्म काढला तिथे जे टणक असतं आणि आवाज करतं त्याला लोखंडच म्हणायचे. हृदयाची एक झडप कामातून गेली, ती काढून तिथे ही नवी बसवली, आणि तेव्हापासून माझ्या छातीतून टिकटिक ऐकू येते. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "कोणाचं घड्याळ आहे ते? जरा खिशात ठेवा." निम्मं मुलुंड माझ्या छातीवर घड्याळं लावतं. उरलेले निम्मे ठाण्याकडे तोंड करून राहतात, त्यांना ऐकू येत नाही, एवढंच.

तर अशी झडप बसवली की रक्त तिला परकं समजतं आणि तिच्यावर गोठून बसायला बघतं. गोठलं तर झडप अडकते, नाहीतर गुठळी सुटून थेट मेंदूत जाते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. गोळी एवढीशी, उंदराच्या डोळ्याएवढी. पण तिची ऐट एखाद्या मंत्र्यापेक्षा जास्त. ती कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. मधला रस्ता हा एवढाच, बैलगाडी जाईल इतकासुद्धा नाही. त्या रस्त्यावर आपण आहोत की नाही हे बघायला महिन्याच्या महिन्याला रक्त तपासतात आणि एक आकडा सांगतात. माझा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

या गोळीचा एक वर्ग असतो. आमच्या इस्पितळात तो गुरुवारी दुपारी भरायचा आणि एक मॅडम तो घ्यायच्या. बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि हे मला पहिल्याच दिवशी आवडलं. "गोळी रोज एकाच वेळी," त्या म्हणायच्या. "विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन खायच्या नाहीत. अंग दुखलं म्हणून केमिस्टकडून परस्पर गोळी आणायची नाही. दात काढायचा असेल तर आधी मला सांगायचं. पालेभाजी बंद करायची नाही आणि वाढवायचीही नाही. जेवढी खाता तेवढीच, दर आठवड्याला सारखी. दारू नको."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी कोणाच्याही अध्यात ना मध्यात, पण कारखान्यातल्या जुन्या मित्रांबरोबर शनिवारी संध्याकाळी बसायची माझी सवय मॅडमना आमच्या हिनेच सांगितलेली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

त्या वर्गाची एक रीत होती. येताना प्रत्येकाने एक पिशवी आणायची, आणि घरात जे जे तोंडात जातं ते सगळं त्या पिशवीत घालून आणायचं. डॉक्टरांच्या गोळ्याच नव्हेत. चूर्ण, काढा, तेल, आसव, शेजारणीने दिलेली पुडी, सगळं. मॅडम ते टेबलावर ओतायच्या आणि एकेक वस्तू उचलून विचारायच्या, "हे काय? कधीपासून?" घाटकोपरच्या एका बाईंच्या पिशवीतून मेथीचे इतके ठेपले निघाले की त्यांवर आमच्या सबंध इमारतीचं कार्य उरकलं असतं. बोरिवलीच्या गावठाणातले एक ख्रिस्ती आजोबा घरी काढलेल्या वाइनची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, ही दारू नाय. ही आमची आजी पण प्यायची." मॅडमनी बाटली त्यांच्यादेखत कपाटात ठेवली. आजोबा वर्ग संपेपर्यंत त्या कपाटाकडे असे बघत होते की जणू आत त्यांचा नातू कोंडलाय.

माझी पिशवी मात्र सदैव चोख. गोळ्या, दुसऱ्या गोळ्या, बस्स. हिने पालेभाजी तर घरातून हद्दपारच केली होती. मॅडम सारखी खा म्हणाल्या तर ही म्हणाली, "सारखी म्हणजे किती ते कोण मोजणार? त्यापेक्षा नकोच." कोथिंबिरीची काडीसुद्धा डाळीवर पडायची नाही.

आणि तरीही आकडा पडायला लागला.

आधी थोडा, मग आणखी. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आकडा आणखी पडला. पुन्हा वाढवली. मॅडमनी चष्मा वर केला आणि विचारलं, "खाता ना काका गोळी?"

"खातो."

"खाताना कोण बघतं?"

"मी बघते," ही म्हणाली. "पण गिळतात की गालात ठेवतात, देव जाणे."

"गो, मी काय माकड आहे गालात ठेवायला?"

"ते मॅडमनी ठरवायचं," ही म्हणाली, आणि मॅडमनी खरोखर ठरवायला घेतल्यासारखं माझ्या गालाकडे बघितलं.

आता मला सांगा, रोज गोळी खाणाऱ्या माणसाचं रक्त दाट कशाने होणार? छातीतली झडप अडकली तर मरणार मी, आणि हिशेब लावणार कोण? मी तपास हाती घेतला. आधी केमिस्टवर संशय. त्याने खडूच्या गोळ्या दिल्या असतील, म्हणून मी एक गोळी खिडकीत उन्हाला धरून बघितली, गोळीच निघाली. मग रक्त काढायला येणाऱ्यावर. माझी बाटली नि दुसऱ्या कोणाची बाटली अदलाबदल होत असेल म्हणून मी त्याला माझ्यासमोर चिठ्ठी चिकटवायला लावली, त्या चिठ्ठीवर सही केली आणि सहीखाली माझं गावही लिहिलं. तो म्हणाला, "काका, रक्त आहे, मनी ऑर्डर नाही."

आकडा पडतच राहिला. आणि मग एके दिवशी जेवताना माझं लक्ष भाकरीकडे गेलं.

आमच्याकडे तांदळाची भाकरी. पांढरीशुभ्र, मऊ. ती त्या दिवशी हिरवट दिसली. फार नाही, पावसाळ्यात भिंतीला येतो तसा हलका हिरवटपणा.

"ही अशी का गो?"

"नवीन तांदूळ आहे," ही म्हणाली, आणि इतक्या चटकन म्हणाली की माझे कान टवकारले. तांदूळ नवीन असो की जुना, हिरवा होत नाही. मी कोकणातला आहे, तांदळातलं मला कळत नाही असं कोणी समजू नये.

त्यानंतर मी पाळत ठेवली. दोन दिवसांनी ही गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होती. पलीकडे तिची वहिनी, कुडाळकडची. ही आवाज इतका खाली आणून बोलत होती की शेजारच्या इमारतीतल्या माणसांनाही ऐकायला कान द्यावे लागले असतील. मी मात्र दाराआड होतो. "रोज चमचोभर घालतंय पिठात," ही म्हणाली. "त्येंका काय्येक पत्तो नाय. कळला तर खाउचे नाय."

छातीतली टिकटिक अशी वाढली की मला वाटलं हिला ऐकू जाईल आणि मी पकडला जाईन.

आता ज्याने मुंबईत आयुष्य काढलंय त्याला हे पुढचं समजावून सांगायची गरज नाही. स्टेशनच्या पुलावर, मुतारीच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर ती चिकटवलेली जाहिरात कोणी वाचली नाही? न सांगता, न कळता, जेवणात मिसळून नवऱ्याची दारू सोडवा. पावडर पोस्टाने घरपोच. मी ती जाहिरात वर्षानुवर्षं हसत वाचत आलो होतो. आता ती माझ्या ताटात आली होती. आणि मला लगेच आठवलं, की गेल्या काही शनिवारी घोट कडू लागत होता. घोट कडूच असतो, हे खरं. पण त्या शनिवारी तो संशयास्पद कडू होता.

ही भजनी मंडळात गेली तसा मी स्वयंपाकघरात शिरलो. तांदळाच्या डब्यामागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात हिरवी पूड, बारीक, गवतासारख्या वासाची. दारू सोडवायची पावडर हिरवी असते हे मला माहीत नव्हतं, पण लाल असते असंही मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

भांडण मी केलं असतं, पण भांडण म्हणजे पुरावा देऊन टाकणं. कारखान्यात आम्ही असल्या प्रसंगी माल बदलायचो. मी ती पूड सोसायटीच्या जास्वंदीच्या बुंध्याशी ओतली. त्या जास्वंदीला पुढे एवढी मोठी फुलं आली की पूजेला एक फूल नेलं तर देव झाकून जायचा. मग हिरव्या मुगाचं पीठ गिरणीतून आणलं, दिवाळीच्या बर्फीचा खायचा हिरवा रंग चिमूटभर त्यात कालवला, आणि डबा होता तसा भरून होता तिथे ठेवला. माझं मलाच कौतुक वाटलं. ही रोज चमचाभर घालत राहिली, भाकरी आधीपेक्षा जरा जास्तच हिरवी येऊ लागली, आणि मी एक चकार शब्द न काढता दोन-दोन भाकऱ्या चापू लागलो. ही खूश. मी खूश. दोघंही एकमेकांना फसवत असलं की संसारात जी शांतता येते तशी शांतता घरात पहिल्यांदाच आली होती.

डबा बदलायच्या आधीच, आकडा अजून खालीच आहे म्हणून डॉक्टरांनी गोळी आणखी वाढवली होती, ती मी घेतच होतो. इथे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

आधी दात घासताना ब्रश लाल व्हायला लागला. मला वाटलं ब्रश कडक आहे. मग भाजीची पिशवी दंडाला अडकवून आणली तर तिथे जांभळाएवढा निळा डाग उठला. ही म्हणाली, "कुठे आपटलात? शनिवारी पडलात ना?" मी म्हटलं, "पडलो नाही." ती म्हणाली, "मग कोणी मारलं?" तिला संशय होताच की मी पिऊन कुठे धडपडतोय. मला संशय होताच की ही पावडरीचा परिणाम बघतेय. दोघंही डागाकडे बघत राहिलो आणि दोघांनीही खरं सांगितलं नाही.

मग एका सकाळी मी न्हाव्याकडे दाढीला बसलो. आमचा न्हावी उत्तम; वस्तरा असा चालवतो की गालावर बसलेल्या माशीलाही कळत नाही. त्या दिवशी कानाच्या खाली जरासा ओरखडा आला. त्याने तुरटी लावली. रक्त थांबलं नाही. पुन्हा तुरटी लावली, कापूस दाबला, कापूस लाल झाला. दुसरा, तोही लाल. टॉवेल लाल. शेजारच्या खुर्चीतला माणूस अर्धी दाढी तशीच घेऊन उठला आणि निघून गेला.

"काका, मी काय नाय केला!" न्हावी वस्तरा मला दाखवत म्हणाला. "काका, तुम्हीच सांगा पोलिसांना, वस्तरा नवीन होता!"

मी टॉवेल गळ्याशी दाबून त्याला धीर देत होतो. एवढंसं कापलं तर एवढं रक्त. हेच आत, डोक्यात झालं तर? मॅडमनी वर्गात हे सांगितलं होतं, तेव्हा मी बाजूच्या आजोबांना वाइनबद्दल विचारत होतो.

न्हाव्याच्या पोराने हिला फोन केला. ही आली ती पदर खोचून. मला रिक्षात घातलं आणि गळ्याला टॉवेल बांधून इस्पितळ गाठलं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मर्डर है क्या?" ही म्हणाली, "अभी नहीं, पूछताछ के बाद."

आकडा आला. आधी एवढा खाली, आता इतका वर की मॅडमनी कागद दोनदा वाचला. गोळी थांबवली, औषध दिलं, मला तिथेच ठेवून घेतलं. जखम शेवटी थांबली. पण खरी पंचाईत पुढेच होती, आणि ती मॅडमनी मला आणि हिला पलंगाशी उभं राहून स्पष्ट सांगितली.

"उद्यापासून काकांना किती गोळी द्यायची, हे कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कमी दिली तर झडप अडकेल. जास्त दिली तर आज कानाखालून आलं, उद्या मेंदूत येईल. आकडा आधी का पडला आणि मग का उडाला, हे कळल्याशिवाय आम्ही अंधारात दगड मारतोय. तुमच्यापैकी कोणीतरी काहीतरी लपवतंय. मला दोघांचाही संशय आहे."

"हे पितात," ही म्हणाली.

"ही घालते," मी म्हणालो.

"काय घालते?"

मी हिच्याकडे बोट दाखवलं. हिने माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. पिशवी आणा. सगळी. घरातला डबा न् डबा."

ही घरी गेली आणि परत आली ती अख्खं स्वयंपाकघर घेऊन. मीठ, हळद, मालवणी मसाला, पीठ, लोणच्याची बरणी. आणि सगळ्यांत शेवटी, फार वेळ पिशवीच्या तोंडाशी हात ठेवून मग, तो बिस्किटांचा डबा. हिच्या हातून तो टेबलावर आला तेव्हा माझ्या मनात आधी विजय आला. मागोमाग आठवण आली की डब्यात काय आहे ते.

"हे काय?" मॅडम.

हिने मान खाली घातली. "शेगलाचा पाला. शेवगा म्हणतात ना तुमच्याकडे, तो. सुकवून कुटलेला. आमच्या वहिनीने पाठवला. ऑपरेशननंतर हे असे सुकले की सोसायटीत लोक मला विचारायचे, जेवायला देता की नाही? गोकुळाष्टमीला आम्ही ती भाजी खातोच. रक्त भरतं म्हणतात. म्हणून भाकरीच्या पिठात घालत होते. रोज एक चमचा. यांना सांगितलं असतं तर नाटकं केली असती. आणि ही काही पालेभाजी नाही, मॅडम, पूड आहे."

मॅडमनी डोळे मिटले. "अहो, पाला वाळवला म्हणून पाला राहत नाही का? उलट एका चमच्यात ओंजळभर पाला येतो. त्यातलं द्रव्य या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. म्हणून आकडा पडत होता. म्हणून आम्ही गोळी वाढवत होतो." त्या थांबल्या. "पण मग आता आकडा उडाला कशाने? तुम्ही पूड बंद केलीत?"

"नाही. कालही घातली."

मॅडमनी डब्यात बोट घातलं. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. पाण्याचा ग्लास घेतला आणि चिमूटभर पूड त्यात टाकली. पाणी रंगपंचमीसारखं हिरवंगार झालं आणि तळाशी पिठाचा गोळा बसला.

ही ग्लासाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिच्या नजरेने कापायचं ठरवलं असतं तर माझं उरलेलं रक्त तिथेच संपलं असतं.

"माझा पाला कुठे आहे?"

"जास्वंदीला घातला," मी म्हणालो, कारण आता मरायचंच होतं तर खरं बोलून मरावं. "मला वाटलं, दारू सोडवायची पावडर आहे."

"मी? तुम्हाला? पावडर?" हिचा आवाज असा चढला की शेजारच्या पलंगावरच्या माणसाने सलाईन सावरलं. "अहो, दारू सोडवायचीच असती तर मी पावडर कशाला मागवू? लाटणं नाही घरात?"

"मी चोरून काढलं म्हणून बोलतेस, आणि तू चोरून घातलंस त्याचं काय?"

"मी तुम्हाला जगवायला घालत होते!"

मी लोणच्याच्या बरणीकडे बघितलं.

मॅडम आधी ओरडल्या, मग हसल्या, आणि मग पुन्हा ओरडल्या. हसल्या हे आम्हाला दिसलं याचा त्यांना राग आला असावा. मग पलंगाच्या कडेला बसून त्यांनी आमचा वर्ग घेतला, दोघांचा, अख्खा पहिल्यापासून. या वेळी मी ऐकला. पाला खायचा तर खा, म्हणाल्या, पण ठरवून, डॉक्टरांना सांगून, रोज सारखा. गोळी त्या पाल्याला धरून बसवता येते. चोरून घातलेल्या पाल्याला धरून बसवता येत नाही, आणि चोरून काढलेल्याला तर मुळीच नाही. हिला त्यांनी सांगितलं की काकांच्या ताटात काकांना न सांगता काहीही जाणार नाही. मला सांगितलं की काकूंच्या डब्यातून काकूंना न विचारता काहीही निघणार नाही, आणि शनिवारचं त्या वेगळं बघून घेतील.

घरी येताना रिक्षात ही पिशवीतले डबे मोजत बसली. मुलुंड आलं तेव्हा म्हणाली, "वाळत चाललात म्हणून घातलं होतं." मी म्हणालो, "कळलं." ती म्हणाली, "काही कळलेलं नाही." ते खरं होतं. मला एवढंच कळत होतं, की तिच्या त्या चमच्याने माझी झडप बंद पडली असती, आणि माझ्या चलाखीने माझं डोकं. दोन्ही एकाच भाकरीत.

गोळी पुन्हा सुरू झाली, थोडी-थोडी करत. पालेभाजी घरात परत आली: ठरलेल्या दिवशी, ठरलेली वाटी, हिने वाढायची आणि मी मोजून खायची. बिस्किटांचा डबा हिने स्वतःहून बाहेर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. त्यात आता बिस्किटं असतात. मी एकदा तरीही वास घेऊन बघितला. तेव्हा ही मागे उभी होती.

काही आठवड्यांनी रक्त काढणारा रिपोर्ट घेऊन आला. आकडा बरोबर मध्यावर, जणू कोणी पट्टी ठेवून आखला होता. असा आकडा माझा कधीच आला नव्हता. रक्त काढणारा म्हणाला, "झकास आहे काका, अभिनंदन." आम्ही दोघांनी तो कागद उजेडाला धरून बघितला.

तो गेल्यावर हिने दार लावलं आणि वळून हळूच विचारलं, "खरं सांगा. काय काढलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. "तू काय घातलंस?"

"काही नाही."

मग ही म्हणाली, "उद्या पुन्हा तपासून घेऊ," आणि मला त्यात काहीच चूक वाटली नाही.